माझ्या लेकीच्या मुठीत ते प्लास्टिकचं बाळ ठेवायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?

शनिवारपासून डोकं शांत होईना म्हणून लिहितेय. ओ'कॉनेल स्ट्रीट, जीपीओसमोर, म्हणजे मोठ्या पोस्टासमोर. डब्लिनात राहणाऱ्यांना पुढचं सांगायला नकोच. गर्भपाताला विरोध करणाऱ्यांचं तेच घडीचं टेबल, तेच पत्रकांचे गठ्ठे, तोच माणसाएवढा फोटो, आणि एक बाबा स्पीकर लावून बायबलातल्या ओळी ओरडतोय. एरवी मी कानात इअरफोन कोंबून खाली मान घालून निघून जाते. ह्यावेळी आई होती सोबत, गेल्या महिन्यातच बेळगावहून आलीये, आणि लेक. सात वर्षांची.

लुआस ट्रामच्या स्टॉपवर आईचं प्रवासाचं लीप कार्ड टॉप-अप करत होते. दीड मिनिट पाठ वळली असेल माझी, जास्त नाही. वळून बघते तर एक पांढऱ्या केसांची बाई लेकीसमोर वाकलेली, तिची मूठ उघडून त्यात काहीतरी ठेवून परत मिटवतेय. कोटावर ती छोट्या पावलांची सोनेरी पिन, असतेच त्यांच्याकडे. लेकीने हात उघडून मला दाखवलं. बोटाएवढं गुलाबी प्लास्टिकचं बाळ, गुडघे पोटाशी घेतलेलं, बंद डोळे, बोटंसुद्धा कोरलेली. लेक म्हणाली, "आई, हे आपलं बाळ आहे का?"

दोन वर्षांपूर्वी माझं गेलं, अकराव्या आठवड्यात. आम्ही उतावीळपणा करून तिला आधीच सांगून बसलो होतो की तुला भाऊ किंवा बहीण येणार म्हणून, मग पंधरा दिवसांनी परत बसवून सांगावं लागलं की नाही येणार. त्यानंतर तिने कधी विषय काढला नव्हता. मला वाटलं विसरली. नव्हती विसरली. आणि ते एका अनोळखी बाईने भर रस्त्यात, ट्रामच्या स्टॉपवर, फुकट वाटायच्या खेळण्याने बाहेर काढलं.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. आधी मराठीतच ओरडले, मग इंग्रजीत, की तुला माहितीये का तू कुणाच्या हातात काय देतेयस, विचारलंस का एकदा तरी, आईला विचारलंस का, आणि ती बाई हसून "गॉड ब्लेस यू" म्हणाली. हसून! त्या हसण्याचा मला इतका संताप आला ना. मी रडतेय, माझी पोरगी घाबरलीये, आणि हिच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलत नाही. एवढ्यात दुसऱ्या कुणीतरी आईच्या हातात पत्रक दिलं होतं. वर येशूचं चित्र. आईला इंग्रजी वाचता येत नाही, कुठल्याही देवाचं चित्र असलं की ती डोळ्यांना लावते, तसं तिने ते लावलं आणि घडी करून पर्समध्ये कुंकवाच्या डबीशेजारी ठेवायला लागली. मी तिच्या हातातून हिसकावून फाडलं. आई दचकली. त्याचं मला अजून वाईट वाटतंय. माझ्या आईवर मी कधी हात उगारल्यासारखं वागले नव्हते.

आणि हे एक दिवसाचं नाहीये. दारावर "जाहिराती टाकू नका" असं ठळक लिहिलेलं असताना लेटरबॉक्समध्ये ह्यांची चकचकीत पत्रकं येतात, माझं गेलं त्याच आठवड्यात एक आलं होतं, मी हॉस्पिटलातून आले आणि पायपुसण्यावर ते पडलेलं. २०१८ ला गर्भपातावरच्या सार्वमताच्या वेळी तर प्रत्येक विजेच्या खांबावर पोस्टर, शाळेच्या दारात, प्रसूतीच्या हॉस्पिटलसमोर, दवाखान्यात जाणाऱ्या बाईने मान कुठे वळवायची? मला तेव्हा मत नव्हतं, नागरिक नव्हते, पण २५ मेला मत देणाऱ्या ६६ टक्क्यांहून जास्त लोकांनी घटनेतली गर्भपात रोखणारी आठवी दुरुस्ती काढून टाकली आणि मला वाटलं संपलं. कसलं संपतंय. गर्भपाताला बारा आठवड्यांपर्यंत परवानगी, त्यातही डॉक्टरकडे एकदा जा, तीन दिवस थांब, मग परत ये. मोठ्या बाईला तीन दिवस विचार करायला लावायचा, जसं काही ती न विचार करताच आलीये! आणि ह्यांना लांब ठेवणारी शंभर मीटरची हद्द दवाखान्यांभोवती आखायला २०२४ चा ऑक्टोबर उजाडला. तोवर बायका ह्यांच्या जपमाळांमधून वाट काढत आत जात होत्या. आता हे मोठ्या रस्त्यावर येऊन उभे, तिथे हद्द नाही.

"जीव, जीव" म्हणून स्पीकरवर ओरडतात त्याने तर अंगाचा तिळपापड होतो. इथल्याच ट्यूअम गावात नन्सनी चालवलेल्या घरात लग्न न झालेल्या आयांची ७९६ मुलं गेली, १९२५ ते १९६१, सांडपाण्यासाठी बांधलेल्या जुन्या टाकीच्या कप्प्यांत लहान मुलांची हाडं निघाली, आता कुठे खोदून त्यांना बाहेर काढणं चाललंय. ते जीव नव्हते? त्यांच्या आयांची मुलं काढून घेतली, त्यांना पापी म्हणून हिणवलं, ते याच धर्माच्या नावाने ना? त्या मुलांचा फोटो मला ह्यांच्या टेबलावर एकदाही दिसलेला नाही.

आणि सविता. बेळगावच्या माणसाने सविता हलप्पनवारचं नाव घेतल्याशिवाय हा विषय कसा बोलायचा? माझ्या गावची पोरगी, एकतीस वर्षांची, डेंटिस्ट. सतरा आठवड्यांची गरोदर होती, गर्भ आपोआप पडणार हे डॉक्टरांना दिसत होतं, बाळ वाचणार नाही हे तिलाही सांगितलेलं, ती स्वतः म्हणत होती की मोकळं करा मला, आणि इथे आयर्लंडमधल्या गॉलवेच्या हॉस्पिटलात तिला सांगितलं गेलं की ठोके चालू आहेत, हा कॅथलिक देश आहे. ती हिंदू होती. २८ ऑक्टोबर २०१२ ला सेप्सिसने गेली. आपल्याकडे १९७१ पासून गर्भपाताला परवानगी देणारा कायदा आहे, बेळगावातच असती तर आज जिवंत असती, हे आई तेव्हा टीव्हीसमोर बसून शंभरदा म्हणाली होती, आणि त्याच आईने मी इकडे यायला निघाले तेव्हा माझा हात धरून विचारलं होतं, "तिकडे तुला दिवस गेले तर?" सविताच्या बाबांनी २०१८ ला बेळगावातून आयरिश लोकांना आवाहन केलं की माझ्या मुलीची आठवण ठेवून मत द्या. डब्लिनच्या पोर्टोबेलो भागातल्या भिंतीवर तिचा चेहरा रंगवला होता, त्यावर लोकांनी चिठ्ठ्या चिकटवल्या, "सॉरी सविता" अशा. मी तिथे उभी राहून रडले होते.

म्हणून आपल्यातलेच काही इथले काका जेव्हा म्हणतात ना "चांगलंच सांगतायत की, संस्कार आहेत त्यांच्यात", तेव्हा त्यांच्याशी बोलणंच बंद करावंसं वाटतं. तुमच्या सुनेवर, तुमच्या मुलीवर वेळ आली असती तर?

बोलायचा हक्क आहे, बोला. पण माझ्या मुलीची मूठ उघडायचा नाही.

ते बाळ लेक परत द्यायला तयार नव्हती. मी ओढून घेतलं नाही, परत एकदा तिच्या हातातून काही हिसकावून घ्यायचं धाडस झालं नाही. रात्री आईने तिला शेजारी घेऊन झोपवलं, काय बोलल्या दोघी मला माहीत नाही. सकाळी बघितलं तर उशीखाली होतं, आईच्या रुमालात गुंडाळलेलं. अजून तिथेच आहे.