तणमोराचे छायाचित्र काढू इच्छिणाऱ्यांस चार सूचना

आपण लाखभर रुपयांची लेन्स घेतलीच आहे, तेव्हा ती वसूल करण्यासाठी श्रावणात वाशीम-अकोल्याकडच्या गवताळ माळावर अवश्य यावे. त्या दिवसांत तणमोराचे, म्हणजे माळढोकाच्या कुळातल्या या छोट्या पक्ष्याचे, नर आपापली जागा धरून, एकमेकांच्या कानाच्या टप्प्यात, माद्यांसाठी उड्यांची चढाओढ करीत असतात.

गाडी रस्त्यावर उभी करण्याचा भित्रेपणा करू नये.

गवतात अंडी असतील ही शंका मनात आणू नये.

पक्ष्याची माहिती तर मुळीच करून घेऊ नये. जेमतेम अर्ध्या किलोचा हा काळा-पांढरा नर डोक्यामागच्या फितीसारख्या पिसांसह गवताच्या वर दीड-दोन मीटर झेपावतो, पंखांचा बेडकासारखा टर्र आवाज करतो, पुन्हा त्याच जागी उतरतो, आणि दिवसभरात हे शेकडो वेळा करतो. कारण गवतात दडलेली, त्याच्याहून अंगाने थोराड असलेली मातकट मादी कित्येक नरांना पारखून एकाला निवडणार असते, आणि पुढे अंडी उबवण्यापासून पिल्ले वाढवण्यापर्यंत सारे तिचे तीच निस्तरणार असते. त्याच्या पदरात काय पडायचे ते या उड्यांवरच ठरते, आणि शेजारचा नर हद्दीत घुसायला टपलेलाच असतो. म्हणून आपण स्पीकरवर त्या आवाजाची ध्वनिफीत जरूर वाजवावी, म्हणजे तो माद्यांचा नाद सोडून, अस्तित्वातच नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला हुसकावण्यात सकाळ घालवील.

गेल्या श्रावणात मी पहाटेपासून बांधाआड बसून एका नराच्या उड्या मोजत होतो. त्रेचाळिसावी उडी झाली आणि गवत चिरडत एक गाडी थेट त्याच्या जागेपर्यंत गेली. त्याने मान खाली घातली आणि तो गवतात शिरला, तो दहा वाजेपर्यंत दिसला नाही. गाडीतल्या तरुणाने काच खाली करून मला विचारले, "काका, हा परत कधी उडेल?"

तू गेल्यावर उडेल! अरे, 2021 पासून हा पक्षी अतिसंकटग्रस्तांच्या यादीत आहे, 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याचे माळ नांगराखाली गेले आहेत, आणि उरल्यासुरल्या गवतात पावसाळ्याच्या मोजक्या आठवड्यांत त्याला जे काही करायचे ते तू चाकाखाली घालतोस? लाज वाटू दे जरा. तो स्पीकर बंद कर, गाडी मागे घे, आणि आलास त्याच चाकोरीने घे, नवे गवत तुडवू नकोस.