घोडा बदललाय!

सासरे सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीत एडिसनला आले. दुपारी कंटाळू नयेत म्हणून मीच त्यांना जुन्या वेस्टर्न मालिकांचं चॅनल लावून दिलं. कर्म माझं!

अण्णांची हयात आरटीओत गेली. माणसाचं नाव विसरतील, चेसिस नंबर विसरायचे नाहीत. दुसऱ्याच दिवशी मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये आणि हॉलमधून आरोळी, "जावईबापू, घोडा बदललाय!"

पडद्यावरचा काउबॉय रॉय रॉजर्स, त्याचं काहीतरी चालू होतं. त्याचा सोनेरी घोडा ट्रिगर म्हणजे तिकडचा चेतकच. अण्णा टीव्हीला नाक लावून उभे. "मघाशी मागचा डावा पाय तेवढा पांढरा होता. आता चारही पांढरे, वर कपाळाला पट्टा. हा तर पंचकल्याणी! पाटी तीच, गाडी दुसरी."

त्यांना खोटं पाडायला म्हणून मी शोधायला बसलो आणि स्वतःच तोंडावर पडलो. खरा ट्रिगर एका पांढऱ्या पायाचा. चार पांढऱ्या पायांचा तो लिटल ट्रिगर. करामती आणि गावोगावचे दौरे बरेचसे याच्या अंगावर, जाहिरातीत नाव मात्र 'ट्रिगर'. थोरला १९६५ मध्ये गेला, त्याचं कातडं पेंढा न भरता साच्यावर चढवून संग्रहालयात ठेवलं आणि २०१० च्या लिलावात त्याला २ लाख ६६ हजार ५०० डॉलर आले. अण्णांनी लगेच रुपयांत हिशोब केला आणि म्हणाले, "मेलेल्या गाडीला एवढे?"

मग घरात शांतता उरली नाही. 'लोन रेंजर'चा सिल्व्हर अख्खा पांढरा, तिथे तरी अण्णा गप्प बसतील असं वाटलं होतं. तीन दिवस बसलेही. चौथ्या दिवशी, "तोंड वेगळं आहे हो!" होतं. त्या मालिकेत सिल्व्हर दोन होते.

'बोनान्झा'ने तर कहर केला. १९५९ ला सुरू झालेली ही मालिका, १४ सीझन, तीही रंगीत. त्यातल्या धाकट्या ज्योचा कोचीस हा घोडा अबलख. अबलख घोड्याला डुप्लिकेट शोधायचा म्हणजे जुळ्याला तिळा शोधण्यासारखं. दोघांचे ठिपके जुळतील कसे? मग रंग लावून जुळवून घ्यायचे. अण्णा रिमोटने चित्र थांबवून किराणाच्या बिलामागे डागांचे नकाशे काढायचे. "मागच्या भागात मानेवर अख्खा महाराष्ट्र होता. आज नुसतं कोकण उरलंय."

एकदाच ते गप्प झाले. पूर्वी सिनेमात घोडा पडताना दाखवायला त्याच्या पुढच्या पायांना तार बांधायचे, दुसरं टोक जमिनीत पुरलेलं. भरधाव सुटला की तार ताणायची आणि तो तोंडावर आपटायचा. कित्येक तिथेच संपले. १९३९ च्या एका सिनेमात घोडा कड्यावरून ढकलला आणि मेला, तेव्हा आरडाओरडा झाला आणि प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेचा माणूस सेटवर येऊ लागला. पुढे पडायला शिकवलेले खास घोडे आले. लगाम एका बाजूला ओढला की मऊ केलेल्या जमिनीवर बेतशीर आडवे व्हायचे. नायकाचा देखणा घोडा तोवर बाजूला गवत खात उभा. "म्हणजे पडायचं याने आणि टाळ्या त्याला," एवढंच अण्णा बोलले आणि चहा मागितला. माझ्याकडे.

जानेवारीत बर्फ पडला. अण्णांनी माकडटोपी आणि तांबडं जाकीट चढवलं, फावडं हातात घेतलं आणि सांगलीच्या मित्राला व्हिडिओ कॉल लावला. "रोज एवढा बर्फ उपसतो!" दोन फावडी झाल्यावर बायकोने मला आत ओढलं. टोपी माझ्या डोक्यावर आली, जाकीट अंगावर. "त्यांची कंबर आहे," ती म्हणाली. कंबर मलाही आहे, पण ती क्लोजअपमधली नाही. अण्णा खिडकीआडून माझी पाठ दाखवत होते. पलीकडून "वसंतराव, काय हा जोर!" वगैरे चाललेलं.

तेवढ्यात पाय सरकला आणि मी सपशेल आडवा. इथे जमीन कुणी मऊ केली नव्हती.

पलीकडचे गृहस्थही आरटीओतूनच निवृत्त झालेले. क्षणभर शांतता. मग खिडकीतून त्यांचा आवाज आला, "वसंतराव, मघाशी बूट काळे होते. आता पांढरे कसे?"