नवा अ‍ॅरे घेतला म्हणून सॅन पळत नाही

सॅनसाठी (सर्व्हरना सामाईक स्टोरेजशी जोडणारं वेगळं नेटवर्क) स्टोरेजची खरेदी निघाली की एक सल्ला हमखास फिरतो: "ऑल-फ्लॅश अ‍ॅरे आणि ३२ जीचे स्विच घ्या. बँडविड्थ चौपट होते, दोन केबल्स लावल्या की लोड आपोआप वाटला जातो, क्यू डेप्थ वाढवली की उरलासुरला अडथळाही जातो." अ‍ॅरे म्हणजे अनेक डिस्क एकत्र असलेली स्टोरेजची पेटी, 'जी' म्हणजे सेकंदाला गिगाबिट आणि क्यू डेप्थ म्हणजे उत्तराची वाट बघत एका वेळी किती विनंत्या रांगेत ठेवता येतात तो आकडा. तिन्ही गोष्टी तपासून पाहू.

चौपटीचा आकडा बरोबर आहे. ८ जीच्या लिंकवरून एका दिशेला सेकंदाला साधारण ८०० एमबी जातात, ३२ जीवरून ३,२००. पण ८ केबीच्या ब्लॉकने ५०,००० आयऑप्स (सेकंदाला होणारे रीड-राइट) करणाऱ्या डेटाबेसला लागतात जेमतेम ४१० एमबी. त्याचं घोडं अडतं ते लेटन्सीपाशी, म्हणजे एका विनंतीचं उत्तर यायला लागणाऱ्या वेळापाशी.

आणि नेमकी लेटन्सीच या खरेदीने बिघडू शकते. अ‍ॅरे ३२ जीचा झाला, जुन्या सर्व्हरमधलं एचबीए कार्ड (सर्व्हरला सॅनशी जोडणारं) ८ जीचंच राहिलं. त्याने बॅकअपसाठी मोठे रीड मागितले की अ‍ॅरे चौपट वेगाने डेटा ओततो. सॅन ज्यावर चालते त्या फायबर चॅनेलमध्ये गर्दी झाली म्हणून फ्रेम (डेटाचे तुकडे) टाकून देत नाहीत. पुढून बफर क्रेडिट ('जागा आहे, पाठवा' अशी परवानगी) येईपर्यंत थांबतात. स्विचचे बफर भरतात, आयएसएलची (दोन स्विचना जोडणाऱ्या लिंकची) क्रेडिट्स संपतात आणि त्याच आयएसएलवरचे बाकीचे सर्व्हर विनाकारण रखडतात. आयएसएलचा वापर ग्राफवर कमीच दिसतो, म्हणून खापर अ‍ॅरेवर फुटतं. अ‍ॅरेकडच्या स्विचवर आयएसएल पोर्टचा 'ट्रान्समिट क्रेडिट शून्य' काउंटर भराभर वाढतोय आणि पलीकडे जुन्या सर्व्हरचा पोर्ट पूर्ण भरलाय, असं दिसलं तर संशय इथेच घ्या. खरा उपाय म्हणजे एचबीए बदलणं. तो खर्च अ‍ॅरेच्याच खरेदीत धरायला हवा. ते जमत नसेल तर जुन्या सर्व्हरसाठी अ‍ॅरेचे वेगळे पोर्ट झोनिंगने (कोणत्या सर्व्हरला कोणता पोर्ट दिसेल हे स्विचवर ठरवून) राखून ठेवा, त्यांचा वेग ८ जीवर बांधा.

दोन केबल्सचं म्हणाल तर व्हीएमवेअरमध्ये (एका सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर) पाथ पॉलिसी, म्हणजे डेटा कोणत्या रस्त्याने जाईल याचा नियम, 'फिक्स्ड' असेल तर एका लनचा (अ‍ॅरेने सर्व्हरला दिलेल्या स्टोरेजच्या एका हिश्श्याचा) सगळा ट्रॅफिक एकाच पाथवरून जातो. 'राउंड रॉबिन'सुद्धा मुळात १,००० आयओ झाल्यावरच पाथ बदलतो. शिवाय दोन्ही फॅब्रिक (स्विचांची दोन स्वतंत्र जाळी) ७० टक्के भरलेली असतील तर एक पडल्यावर दुसरीवर १४० टक्के येणार. म्हणून प्रत्येकी ५० टक्क्यांच्या आत ठेवा.

क्यू डेप्थचा हिशोब सोपा आहे. उत्तर अर्ध्या मिलिसेकंदात येत असेल तर ३२ विनंत्यांच्या रांगेतून ६४,००० आयऑप्स निघतात. उलट ४० सर्व्हर, प्रत्येकी ८ लन, डेप्थ ६४ म्हणजे २०,४८० विनंत्या. अ‍ॅरेच्या पोर्टची मर्यादा २,०४८ असेल तर तो 'क्यू फुल' सांगून जादाच्या विनंत्या परत पाठवतो. आधी पोर्टची मर्यादा बघा, मग ती लनमध्ये वाटा.