डचेस हरल्या, ती १९३८ची पोटनिवडणूक

पक्षाशी पटेनासं झालं की आपले लोकप्रतिनिधी काय करतात, ते आपण बघतोच आहोत. म्हणून स्कॉटलंडमधल्या किनरॉस आणि वेस्ट पर्थशायर मतदारसंघाबद्दल आज लिहितोय.

इथल्या खासदार होत्या कॅथरीन, अ‍ॅथलच्या डचेस. १९२३ साली स्कॉटलंडमधून निवडून आलेली पहिली बाई. पुढे हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाच्या पहिल्या महिला मंत्री. स्पेनच्या यादवीत मात्र त्यांनी फ्रँकोविरुद्ध लढणाऱ्या, डाव्यांच्या प्रजासत्ताक सरकारची बाजू घेतली, स्पेनच्या बास्क भागातल्या मुलांना इंग्लंडात आसरा मिळावा म्हणून झटल्या, आणि लोक त्यांना 'लाल डचेस' म्हणू लागले. हुजूर पंतप्रधान चेंबरलेन यांनी चेकोस्लोव्हाकियाचा एक भाग हिटलरला देऊन टाकला, त्या म्युनिक कराराला त्यांनी उघड विरोध केला, तेव्हा स्थानिक पक्षानं पुढच्या वेळेसाठी दुसरा उमेदवार शोधायचं ठरवलं.

सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत त्यांना कुणी हलवू शकत नव्हतं. तरी त्यांनी राजीनामा दिला आणि त्याच जागेवर अपक्ष उभ्या राहिल्या.

आपल्याबाबतीत याच बाई कमालीच्या प्रतिगामी होत्या, हेही सांगायलाच हवं. १९३५च्या भारत सरकार कायद्याला त्यांनी कडाडून विरोध केला. त्याच कायद्याखाली १९३७ साली मुंबई प्रांतात निवडणुका झाल्या, डॉ. आंबेडकर आणि त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष विधिमंडळात पोचला, बाळासाहेब खेरांचं सरकार आलं. आपल्या लोकांना एवढासुद्धा अधिकार मिळू नये असं वाटणाऱ्या बाईंबद्दल मला ममत्व नाही. पण हिटलरबद्दल त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि त्यासाठी त्यांनी जागा पणाला लावली.

२१ डिसेंबरला मतदान झालं, ऐन बर्फात. समोर हुजूर पक्षाचे स्नॅडन, शेतकरी. मजूर पक्षानं उमेदवार दिला नव्हता, उदारमतवादी उमेदवारानं माघार घेतली होती, म्हणजे लढत सरळ. सरकारी बाजूचे खासदार प्रचाराला लोटले. चर्चिलनी डचेसना पाठिंब्याचं पत्र दिलं, पण स्वतः एका सभेलाही आले नाहीत. हे मला आजही खटकतं. स्नॅडनना ११,८०८ मतं पडली, डचेसना १०,४९५. साडेसहाशेच्या वर थोडी माणसं इकडची तिकडे झाली असती, तर निकाल फिरला असता.

त्यांनी घाई केली, असं म्हणणारे आहेत. मार्च १९३९ मध्ये जर्मन फौजा चेकोस्लोव्हाकियाच्या राजधानीत, प्रागमध्ये शिरल्या. तोवर थांबल्या असत्या तर कदाचित जिंकल्याही असत्या. मला हा युक्तिवाद पटत नाही. लोकांचा कौल त्यांना हवा होता तो प्राग पडायच्या आधी, काही करता येण्यासारखं होतं तेव्हा.