किती देते?

आलिशान गाडी बाळगणाऱ्या माणसाने अ‍ॅव्हरेजची चौकशी करायची नसते, असा समाजाचा अलिखित नियम आहे. हा नियम ज्यांनी केला त्यांच्या गाड्या नव्या असाव्यात आणि पेट्रोल कचेरीच्या खर्चाने भरले जात असावे. माझी जर्मन गाडी २००६ सालची आहे. तीन लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन, ऑटोमॅटिक गिअर आणि पावणेदोन टनांच्या आसपास वजन असा तिचा थाट असून, एका नव्या छोट्या गाडीच्या किमतीत मी ती दुसऱ्या मालकाकडून घेतली. (कंपनीचे नाव सांगत नाही, आमच्या सोसायटीत ते सर्वांना पाठ आहे.) अशा गाडीची किंमत वर्षागणिक उतरते, भूक मात्र नवी असताना होती तेवढीच राहते, आणि पेट्रोलने २०२१ साली शंभरी ओलांडल्यापासून ती भूक भागवताना पंपावरच्या मीटरकडे पाहणे मी सोडून दिले आहे.

कोथरूडात कोणी ‘किती देते?’ असे विचारले, की ‘मोजले नाही बुवा कधी’ असे मी वडिलोपार्जित श्रीमंती असल्यासारख्या सुरात सांगतो. प्रत्यक्षात डॅशबोर्डाच्या कप्प्यात एक वही आहे आणि प्रत्येक वेळी टाकी फुल्ल करून तीत लिटर, किलोमीटर आणि भागाकार नोंदवलेला आहे. भागाकार सहाच्या पुढे जायला तयार नव्हता. शिरोळचा माझा मेहुणा या वहीचा शोध लागल्यापासून दर फोनवर ‘दाजी, आमची वीस देते’ एवढे ऐकवल्याशिवाय फोन ठेवत नाही.

त्याला मी एकदा गणित घातले. त्याची गाडी विसावरून पंचविसावर गेली, तर शंभर किलोमीटरला पाचऐवजी चार लिटर लागतील, म्हणजे वाचला एक लिटर. माझी सहावरून नुसती साडेसातवर आली, तर शंभर किलोमीटरला तीन लिटरांहून अधिक वाचते. तेव्हा सुधारणेला खरा वाव माझ्याच गाडीत आहे, हे त्याने मान्य करावे. ‘वाव हाय खरा,’ एवढेच तो म्हणाला. वास्तविक त्याने थोडी लाज बाळगायला हवी होती, कारण तो ऊस पिकवतो आणि उसाचे इथेनॉल माझ्या टाकीत येते. लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांशच ऊर्जा इथेनॉलमध्ये असते. वीस टक्के मिश्रणामुळे माझ्या गाडीसारख्या, बिनइथेनॉल पेट्रोलसाठी बनवून दहा टक्क्यांना जुळवलेल्या चारचाकींचे अ‍ॅव्हरेज सहा ते सात टक्के घटेल, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच नमूद आहे. म्हणजे मेहुण्याचे उसाचे बिल काही अंशी मीच भागवतो आणि वर त्याचे बोलणेही मीच ऐकतो.

आपली पंचाईत लोकांना कळली, की सल्ल्यांना तोटा राहत नाही. एकाने पेट्रोलच्या नळीला बांधायचे लोहचुंबक सुचवले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून अधिक इंधनबचत साधने तपासली असून नाव घेण्याजोगी बचत एकानेही करून दाखवलेली नाही, हे ऐकल्यावर ‘त्यांचे पेट्रोल वेगळे असते’ असे त्याने सुनावले. दुसऱ्याने टायरमध्ये नायट्रोजन भरायला सांगितले. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन फुकट मिळत असताना उरलेल्या बावीस टक्क्यांसाठी पैसे मोजण्याइतका मी अजून श्रीमंत झालेलो नाही. मात्र पंपावरचा हवावाला गाडीकडे न पाहता चारही चाकांत एकच आकडा भरत असे, ते मी बंद केले आणि दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे पुढे-मागे वेगवेगळी हवा भरून घेऊ लागलो. एअर फिल्टर बदलण्याचा सल्ला तर सार्वत्रिक आहे. कार्ब्युरेटरच्या काळात त्यात तथ्यही होते, पण संगणक पेट्रोल मोजून सोडतो अशा इंजेक्शनच्या गाडीत फिल्टर तुंबला तरी पिकअप मार खातो, अ‍ॅव्हरेज जवळजवळ तेवढेच राहते, हे अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली मोजून दाखवले आहे. वजन कमी करण्याच्या मोहिमेत डिकीतून गणपतीचे मखर, रंगाचा अर्धा डबा आणि कोणाची ते न उलगडलेली सतरंजी बाहेर काढली. पंचेचाळीस किलोंमागे एखादा टक्का वाचतो, असे मी समजावून सांगत होतो. त्यावर ‘अहो, मग मी रिक्षाने येऊ का?’ एवढाच प्रश्न पत्नीने विचारला आणि मोहीम तिथेच आटोपली.

खरी बचत उजव्या पायात असते. वेग ऐंशीवरून एकशेवीसवर नेला, की हवेचा विरोध सव्वादोन पट होतो, म्हणून द्रुतगती मार्गावर मी नव्वदीच्या आतच राहतो. मागून येणारे मोठ्या आशेने दिवे चमकवतात आणि पुढे जाताना आत कोणी आजारी माणूस आहे का, हे वाकून पाहतात. शहरात मात्र पायाला काही कामच उरत नाही. लक्ष्मी रोडवर साडीखरेदी संपण्याची वाट पाहत एसी लावून उभे राहिले, तर मोठे इंजिन तासाला एक ते दोन लिटर जागच्या जागी पिते आणि त्या काळात गाडीचे अ‍ॅव्हरेज निखळ शून्य असते. सोसायटीतले एक ज्येष्ठ काका उतारावर न्यूट्रल करण्याचा आग्रह धरतात. इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून पाय काढला, की पेट्रोल पूर्ण बंद होते, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहण्यापुरते जळतच राहते. शिवाय नवले पुलाच्या उतारावर न्यूट्रलमध्ये आलेल्या मालमोटारींनी काय केले, हे सगळे पुणे जाणते. काकांना हे पटत नाही, कारण त्यांची १९८४ सालची गाडी न्यूट्रलमध्ये महाबळेश्वरहून वाईपर्यंत आली होती.

शेवटी गॅरेज गाठले. ‘साहेब, ह्या गाडीला अ‍ॅव्हरेज कोण विचारतं?’ असे म्हणत मिस्त्री आधी पोटभर हसला. मी नाराज झालेला पाहून त्याने स्कॅनर लावला, पण स्कॅनरला काही सापडले नाही. मग त्याने थंड इंजिन सुरू केले, रेडिएटरच्या वरच्या नळीवर हात ठेवला आणि नाडी पाहणाऱ्या वैद्याच्या गांभीर्याने डोळे मिटले. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, धड असेल, तर ही नळी बराच वेळ गार राहते आणि ती झडप उघडली की झपाट्याने तापते. आमची पहिल्या मिनिटापासूनच कोमट होत गेली. थर्मोस्टॅट उघडाच अडकला होता. त्यामुळे पाणी सतत रेडिएटरमध्ये फिरत राहायचे, इंजिन पुरेसे तापायचे नाही आणि गाडीचा संगणक तिला अजून थंडीच वाजते आहे, अशा समजुतीने पेट्रोल जास्त सोडत राहायचा. तापमानाचा काटा ऐंशीच्याही खाली राहतो, हा मी इतके दिवस जर्मन अभियांत्रिकीचा संयम समजत होतो. पुढे त्याने चाके जॅकवर उचलून हाताने फिरवली. तीन फिरली, मागचे डावे घोगरा आवाज करून थांबले. ब्रेक आवळणाऱ्या चिमट्याची, म्हणजे कॅलिपरची, पिन गंजून अडकल्यामुळे त्या चाकाचा ब्रेक कायमच थोडा लागलेला असायचा. पिन बाहेर आली ती काळी पडून खरबरीत झालेली होती. मिस्त्रीने ती पॉलिश पेपरने घासून, ग्रीस लावून बसवली आणि मग दोन बोटांनी ते चाक असे काही फिरवले, की ते थांबेपर्यंत आम्ही दोघेही पाहत उभे राहिलो.

बिल जर्मनच होते. तेवढ्या रकमेचे पेट्रोल वाचायला सव्वा वर्ष लागेल, हेही वहीत लिहून ठेवले आहे. पण आकडा साडेसातच्या वर गेला आणि त्या आनंदात मी तो घरात जाहीर केला.

वाफेचे इंजिन कोळसा जितका कमी खाईल तितका कोळशाचा एकूण खप वाढतो, असे विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच म्हटले होते. जेव्हन्सला आमचे घर माहीत नव्हते, तरीही त्याचा अंदाज चुकला नाही. ‘आता परवडते ना, मग शिरोळला एसटीने कशाला?’ येथून सुरुवात झाली. शिरोळला जायचे म्हणजे नरसोबाची वाडी आलीच, परतताना जोतिबा आला, सासूबाईंना पुण्याला आणणे आणि परत पोहोचवणे आले. डिकीत आता मखराच्या जागी गुळाच्या ढेपा आणि वांग्यांची पोती असतात. महिन्याचा पेट्रोलचा खर्च पूर्वीच्या दीडपट झाला आहे. परवा मेहुण्याचा फोन आला. या वेळी त्याने विसाचा उल्लेखही केला नाही. ‘दाजी, पंढरपूरला जायचं म्हणतोय. आमची गाडी ऱ्हाऊ द्या घरी, तुमच्यात जागा भरपूर हाय.’