शार्पनेस वाढवू नका, उतरवा
'केबलचं चित्र धुरकट दिसलं तर शार्पनेस वाढवा' हा टीव्हीच्या चित्राबद्दलच्या लेखातला सल्ला उलटा आहे. शार्पनेस म्हणजे चित्राच्या कडा ठळक करणारं टीव्हीचं सेटिंग. साध्या (एचडी नसलेल्या) चॅनलच्या चित्रात आडव्या रेषाच ५७६. फुल एचडी टीव्ही त्या १०८०वर ताणतो. शार्पनेसने नवा तपशील येत नाही, माणसांभोवती पांढरी किनार तेवढी उमटते. देवगडला घरी मी तो जवळजवळ शून्यावर आणला, तेव्हा कुठे बातम्या देणाऱ्या बाईंचा चेहरा माणसासारखा दिसू लागला.

आणि खाऱ्या हवेचं काय? सेट-टॉप बॉक्स टीव्हीला जोडणाऱ्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांवर इथे हिरवट थर चढतो. मी त्या पुसत बसायचो. बॉक्सला मागे एचडीएमआयची (चित्र आणि आवाज एकाच केबलने नेणारी) जागा आहे हे गणपतीला आलेल्या भाच्याने दाखवलं! जुन्या मालिका ४:३मध्येच, म्हणजे जुन्या टीव्हीच्या चौकोनी आकारातच ठेवतो. आई मात्र दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या बघून विचारते, 'अर्धाच का रे लागलाय?'