मोज्यावरची दुसरी पट्टी

रविवारी रात्री साडेदहाला, दिवे मालवून झाल्यावर, अंधारातून आवाज आला. "बाबा, आपल्याकडे दोन पट्ट्यांचे मोजे आहेत का?"

मुलं असले प्रश्न दुकानं बंद झाल्यावरच विचारतात, आणि तेही पांघरुणाच्या आतून. म्हणजे आपला चेहरा बघावा लागत नाही.

"कधी पाहिजेत?"

"उद्या."

"आणि हे तुला कधी कळलं?"

थोडा वेळ शांतता. "मंगळवारी."

चौकशीत निष्पन्न झालं ते असं. चिरंजीवांच्या पांढऱ्या मोज्यांना निळी पट्टी एकच आहे आणि नियमात दोन आहेत. वर्षभर तो मोजे दुमडून घालत होता, त्यामुळे दुसरी पट्टी आत असेल असं सगळे समजून चालले होते, मी धरून. आता बाईंनी फर्मान काढलंय, मोजे दुमडायचे नाहीत, सरळ वर ओढायचे. वर्षभराची झाकली मूठ सोमवारी सकाळी उघडणार होती.

दिवा लावला. बायको डोळे न उघडता म्हणाली, "आधी पुस्तिका बघ. उगाच धावपळ नको."

शाळेच्या नियमपुस्तिकेत अभ्यासाला दीड पान आहे आणि गणवेशाला चार. नखं, केस, पट्ट्याचं बक्कल, बुटाची नाडी, सगळ्यांची नोंद आहे. मोज्यांना पट्ट्या दोनच, हे ठळक अक्षरात. त्याखाली आणखी एक वाक्य, जे मी प्रवेशाच्या वेळी न वाचता सही करून दिलं होतं: मोजे गुडघ्याखाली चार बोटांवर असावेत. कुणाची चार बोटं, ते दिलेलं नाही. माझी लावली तर मोजा पोटरीवर घसरतो, पोराची लावली तर गुडघ्याला टेकतो. तपासणी बाई करतात, तेव्हा बाईंची धरायची, असं बायकोचं मत पडलं. बाईंच्या हाताचा अंदाज म्हणून मग तिचीच बोटं लावून बघितली. रात्रीचे पावणेअकरा, पोरगं पलंगावर उभं, आणि आम्ही दोघं त्याच्या गुडघ्याशी वाकून बोटं मोजतोय.

मोज्याचं निदान मोजता तरी येतं. रंगाचं तेही नाही. पॅन्टचा रंग 'गडद निळा' असावा म्हणे. पोराकडे पॅन्टी तीन, तिन्ही एकाच गठ्ठ्यातून घेतलेल्या. एक अजून गडद निळी आहे. दुसरी धुऊन धुऊन राखाडीकडे झुकली आहे. तिसरी उन्हात वाळून जांभळट झाली आहे, तीही फक्त एका बाजूने, जी बाजू दोरीवर वर असते. रंग नेव्ही ब्लू. ब्रिटिश आरमाराच्या अधिकाऱ्यांना 1748 साली हा निळा गणवेश मिळाला आणि रंगाला आरमाराचं नाव चिकटलं. खाऱ्या वाऱ्यात त्या आरमाराने काय केलं असेल ते असो, आमच्याकडे तो साबणापुढे टिकत नाही.

आणि पॅन्टचा तळ. तो निवांत बघण्यासारखा आहे. घेताना आम्ही 'वाढत्या अंगाची' घेतली. मराठी माणसाच्या तोंडचा हा शब्द गणवेशासाठीच जन्माला आला असावा; ज्याचं अंग वाढतंय तो कायम आत हरवलेला असतो. पहिल्या वर्षी चार इंच आत दुमडून टाके घातले. पुढच्या वर्षी एक दुमड उसवली, तर जिथे जुनी घडी होती तिथे पांढुरकी रेघ उमटली आणि तिच्याखाली न विटलेल्या कापडाचा कोराकरकरीत पट्टा निघाला. यंदा दुसरी दुमड उसवली, दुसरी रेघ आली. झाडाचं वय खोडाच्या कड्यांवरून सांगतात, तसं पोराचं वय घोट्यापाशी वाचता येतं. खुद्द माझा पाचवीतला सदरा मला सातवीत मापाला आला होता. आला तेव्हा कोपरात फाटला. म्हणजे तो मला नीट बसला असा काळ एकूण दीड आठवड्याचा.

इतक्यात बायकोला तिचा नेहमीचा मुद्दा आठवला. गणवेशाने समानता येते. तत्त्व म्हणून मला हे मान्य आहे, आणि रोज सकाळी 'आज काय घालू' हा वाद वाचतो म्हणून तर फारच मान्य आहे. पण पोरं हुशार असतात. कपडे सारखे केले की ती बुटांकडे बघतात, बूट सारखे केले की घड्याळाकडे, आणि काहीच नाही उरलं तर पेन्सिलीच्या डबीकडे. शिवाय समानता ठरलेल्या एकाच दुकानात मिळते, आणि रविवारी रात्री ते समानतेने सगळ्यांना बंद असतं. शाळेचं बोधचिन्ह लावलेल्या महागड्या कपड्यांनी पालक जेरीस आले म्हणून इंग्लंडमध्ये 2021 साली गणवेशाच्या खर्चावर चक्क कायदा झाला. मोज्यांच्या पट्ट्यांवर जगात कुणी कायदा केल्याचं ऐकिवात नाही.

झोप उडालीच होती, म्हणून फोनवर जगातल्या शाळांचं वाचत बसलो. दुसऱ्याचं दुःख बघितलं की बरं वाटतं. लंडनला 1552 साली सुरू झालेल्या क्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेत (नाव हॉस्पिटल, पण शाळाच; आता ती ससेक्समध्ये असते) मुलं अजूनही पायघोळ निळा कोट आणि पिवळे लांब मोजे घालतात. मध्यंतरी मुलांनाच विचारलं, बदलायचा का? बहुतेक सगळ्यांनी नको म्हटलं. पिवळे मोजे! साडेचार शतकांहून जास्त! आणि आमच्याकडे एका पट्टीवरून घर जागं.

मग जपानमधल्या ओसाकाची मुलगी सापडली. केस जन्मतः तपकिरी, तरी शाळा ते काळे रंगवायला लावते, म्हणून तिने 2017 साली दावा लावला. केस रंगवायला बंदी आणि रंगवायची सक्ती, दोन्ही एकाच नियमात बसवणारा माणूस कोण असेल, त्याला मला भेटायचंय. पुढे टोकियोच्या सरकारी हायस्कुलांनी एप्रिल 2022 पासून हा काळ्या केसांचा आग्रह सोडला.

पण मन जिंकलं ते इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या पोरांनी. जून 2017, कडक उन्हाळा, मुलांनी अर्ध्या चड्डीची परवानगी मागितली. नियमात चड्डी नव्हती. मग स्कर्ट घाला, असं म्हणे त्यांना ऐकवण्यात आलं. नियमात स्कर्ट होता! तीसेक मुलगे शाळेचे चुणीदार स्कर्ट घालून हजर झाले. पुढच्या वर्षीपासून चड्डी चालेल, असं शाळेला सांगावं लागलं. मी हे मोठ्याने वाचून दाखवलं. पांघरुणातून प्रश्न आला, "बाबा, त्यांच्या मोज्यांना किती पट्ट्या होत्या?"

पोरगं जागंच होतं.

तेव्हा ठरवलं की पट्टी काढायची. कपाटातून कायम शाईचा निळा मार्कर निघाला. मोजा सपाट ठेवून रेघ ओढली तर पाय घालताना ती फाकणार, एवढं डोकं चाललं. म्हणून पाण्याच्या बाटलीवर मोजा चढवला. बाटलीला पोटरीचा बाक नसतो, पण रात्री साडेअकराला चालतो. विणीवर उभ्या बारीक सुरकुत्या असतात, मार्कर एका उंचवट्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत जातो, मधल्या खाचा पांढऱ्याच राहतात. खाचांत टोक खुपसलं तर शाई मुंगीसारखी कापडात चालायला लागते. पहिल्या मोज्यावर पट्टी जमली. दुसऱ्यावर जमली, पण बाटली फिरवून जिथून सुरुवात केली तिथे पोचलो, तर दोन टोकं अर्ध्या इंचाने चुकली होती. ती बाजू आत, दुसऱ्या पायाकडे ठेव, असं पोराला सकाळी तीनदा बजावलं. त्याने पाय जोडून चालून दाखवलं. वधूसारखा.

दिवसभर कामात लक्ष नव्हतं. दुपारी घरी आल्याआल्या विचारलं, "बाईंनी मोजे बघितले?"

"बघितले."

"मग?"

"काही नाही म्हणाल्या. नुसत्या खाली वाकून खूप वेळ बघत होत्या." मग त्याने दप्तर उपडं केलं. वह्यांवर पांढऱ्या मोज्यांचा ढीग पडला, प्रत्येकाला निळी पट्टी एक. "हे माझ्या मित्रांचे. मी सांगितलं, माझे बाबा काढून देतात. उद्याच पाहिजेत. आणि एकाच्या आईने विचारलंय, धुतल्यावर जाते का?"

मी मोजे मोजले. सात होते.